अम्लरेखनातील गुराखी आणि मराठीतील रान

प्रस्तावना



दिवाळी सरली की पुणे शहराच्या कडेकडेने धनगरांचे वाडे पश्चिमेकडे निघालेले दिसतात. पुढे मेंढरांचा कळप, मागे घोड्यांवर लादलेला संसार, त्या संसारावर बांधलेली दोन-चार कोकरे, आणि वाहनांच्या भोंग्यांकडे लक्ष न देता चालणाऱ्या बायका. थांबलेल्या मोटारीतून कोणीतरी भ्रमणध्वनी बाहेर काढतो व छायाचित्र टिपतो. सायंकाळपर्यंत ते छायाचित्र ‘किती निवांत जीवन!’ अशा शब्दांसह नातेवाइकांना पोहोचलेले असते. प्रस्तुत घटकात आपण ज्या चित्रांचा परिचय करून घेणार आहोत, त्यांपैकी बऱ्याच चित्रांचा उगम अशाच एका क्षणात आहे. शहरातला माणूस थांबतो, रानातल्या माणसाकडे पाहतो आणि त्याला तेथे विश्रांती दिसते.

मराठीच्या अभ्यासक्रमात चित्रकलेवरील घटक कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. गोपकाव्य, जानपदगीत, ग्रामीण कादंबरी या प्रकारांचा अभ्यास करताना आपण ‘निसर्गरम्य’, ‘साधेभोळे’, ‘रमणीय’ अशी विशेषणे फार सहज वापरतो. उत्तरपत्रिका तपासताना मला ती पानोपानी भेटतात. ही विशेषणे कोणाच्या डोळ्यांतून आली, हे शब्दांपेक्षा चित्रात लवकर कळते, असा माझा अनुभव आहे. त्यातही अम्लरेखनात, म्हणजे ज्याला आपले चित्रकार सर्रास ‘एचिंग’ म्हणतात त्या प्रकारात, ते अधिक लवकर कळते. कारण तेथे रंगांचा मोह नसतो, केवळ रेषा आणि कोरा कागद असतो.

काही वर्षांपूर्वी एका रविवारच्या संपर्कसत्रात मी क्लोद लोरँ या चित्रकाराचे ‘गुराखी’ हे १६३६ मधील अम्लरेखन पडद्यावर दाखविले. झाडांची दाट पालवी, उथळ पाण्यातून चाललेल्या गाई, दूरवर विरघळत जाणारे आकाश, आणि बसून पावा वाजविणारा गुराखी. वर्गाने अपेक्षेप्रमाणे विशेषणे दिली. मागच्या बाकावर चाळिशीतील एक विद्यार्थिनी होती. तिचे बालपण वाड्यावर गेलेले होते. ती म्हणाली, ‘‘सर, हा गुरं वळत नाही. हा नुसता बसलाय. गाई पाण्यात उतरल्यात आणि ह्याच्या हातात काठी नाही, पावा आहे. कुणाच्या पिकात शिरल्या तर बोलणी कोण खाणार?’’

वर्ग हसला. मीही हसलो. घरी परतताना मात्र ते वाक्य मला सोडीना. आजचा हा पाठ त्या वाक्यातून निघाला आहे.

वळणे, राखणे, पाळणे

भाषाभ्यासक म्हणून माझे लक्ष प्रथम तिच्या क्रियापदाकडे गेले. मराठीत गुरे ‘वळतात’. या क्रियापदात कळपाची दिशा बदलणे आहे. म्हणजेच धावणे, आडवे जाणे, हाळी देणे हे सारे त्यात गृहीत आहे. ‘गुराखी’ या शब्दात राखणे आहे, ‘मेंढपाळ’ या शब्दात पाळणे आहे, आणि संतवाङ्मयात वारंवार येणाऱ्या ‘गोवळ’ या शब्दामागे संस्कृत ‘गोपाल’ उभा आहे. चारणे, हाकणे, कोंडणे ही आणखी काही क्रियापदे. यांपैकी एकाही शब्दात ‘बसणे’ नाही.

आता जनावरांची नावे पाहा. मेंढीचे पिल्लू कोकरू, शेळीचे करडू, गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू किंवा पारडू. वासरू वाढले की मादी असेल तर कालवड, नर असेल तर गोऱ्हा, पुढे खोंड. मेंढ्यांतला नर एडका, शेळ्यांतला बोकड. शहरी मराठीने या सगळ्यांना ‘जनावर’ या एका शब्दात कोंडले आहे. जो समाज एखाद्या गोष्टीकडे रोज, उपजीविकेसाठी पाहतो, त्याची भाषा तेथे बारीक होते. हे लक्षात ठेवावे, कारण चित्रातील रेषेबाबतही आपल्याला हेच म्हणावयाचे आहे.

तांबे, मेण आणि अम्ल

अम्लरेखनाची कृती थोडक्यात समजून घेऊ. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घेऊन त्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ लेप देतात. मेणबत्तीच्या धुराने तो काळा करतात. मग चित्रकार सुईने या लेपावर रेखाटतो. सुई तांब्यात शिरत नाही. ती केवळ लेप खरवडते आणि खालचे तांबे उघडे पाडते. नंतर पत्रा सौम्य अम्लात ठेवला की उघड्या रेषांपुरते तांबे झिजते आणि तेथे चर पडतात. लेप पुसून, चरांत शाई भरून, पृष्ठभाग स्वच्छ करून त्यावर ओलसर कागद ठेवतात व पत्रा दाबयंत्रातून काढतात. चरांतली शाई कागदावर उतरते. चित्र उलटे येते, आरशातल्यासारखे. पत्र्यावर उजव्या हातात काढलेली काठी कागदावर डाव्या हातात जाते.

येथे दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. पहिली, या कृतीचे उत्कीर्णनाशी असलेले अंतर. उत्कीर्णनात कारागीर कोरणीने थेट धातू कापतो. हाताला जोर लागतो, आणि ते शिकण्यात उमेदीची वर्षे जातात. अम्लरेखनात मेणावरून सुई लेखणीसारखी फिरते. म्हणून सोनारकामाचे शिक्षण न घेतलेले चित्रकारही तांब्याकडे वळले. लोकरीचे वेटोळे, गाईच्या मानेवरची सैल कातडी, झुडपाची विस्कटलेली पाने हे सारे वळणदार, अनियमित आणि भराभर काढावे लागते. कोरणीला ते जड जाते, सुईला सहज साधते. गुरे आणि अम्लरेखन यांची मैत्री काही अंशी या साध्या तांत्रिक कारणाने जमली.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. पत्रा अम्लात जितका जास्त वेळ राहील तितका चर खोल होतो आणि रेषा काळी उमटते. म्हणून चित्रकार थोड्या वेळाने पत्रा बाहेर काढतो, दूरच्या डोंगरांच्या रेषांवर रोधक लेप लावून त्या झाकतो आणि पत्रा पुन्हा अम्लात सोडतो. मग मधली झाडे झाकतो, पुन्हा सोडतो. शेवटपर्यंत अम्लात राहते ती समोरची मेंढी. डोंगर काही मिनिटांचा, मेंढी बऱ्याच वेळाची. कागदावर आपल्याला जे अंतर दिसते, ते पत्र्यावर काळाच्या मापाने मोजलेले असते. क्लोदच्या चित्रातील ते विरघळणारे आकाश असे, अम्लाला लवकर थांबवून मिळविलेले आहे.

हे वाचून पुढे जाण्यापूर्वी एक करून पाहा. साधे बॉलपेन घ्या आणि आपल्या परिसरातील एखादी शेळी किंवा कुत्रा पाहून दहा मिनिटे काढा. खोडरबर वापरू नका. चित्र बिघडेल, त्याची चिंता नको. जनावराचा मागचा पाय कोठे वाकतो, हे आपण आजवर पाहिलेच नव्हते, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

बसलेला गुराखी, उभी गाय

गोपजीवनाची रमणीय प्रतिमा युरोपात फार जुनी. ग्रीक कवी थिऑक्रिटस आणि त्यानंतर रोमन कवी व्हर्जिल यांच्या गोपकाव्यांतून ती रुजली. सतराव्या शतकात रोममध्ये राहणाऱ्या क्लोदसारख्या चित्रकारांनी तिला दृश्यरूप दिले. पावा वाजविणारा गुराखी हा मुळात कवीचाच वेष आहे. कवीला निवांतपणा हवा होता आणि तो त्याने गुराख्याच्या अंगावर घोंगडीसारखा टाकला. माझ्या विद्यार्थिनीचे निरीक्षण म्हणूनच अचूक होते. तो माणूस गुरे वळत नाही, कारण तो गुराखी नाहीच.

मात्र व्हर्जिलविषयी घाईने मत बनवू नये. त्याच्या दहा गोपकाव्यांपैकी पहिल्याच काव्यात दोन गुराखी भेटतात. एकाची जमीन वाचली आहे. तो सावलीत बसला आहे. दुसऱ्याची जमीन लढाईहून परतलेल्या सैनिकांना वाटण्यासाठी काढून घेतली गेली आहे. तो शेळ्या हाकत देशोधडीला निघाला आहे. त्याची एक शेळी मागे रेंगाळते, कारण तिने नुकतीच वाटेवरच्या उघड्या खडकावर जुळी करडे टाकली आहेत. इसवी सनपूर्व पहिल्या शतकात इटलीत अशी जमीन-जप्ती खरोखरच झाली होती. म्हणजे या परंपरेच्या उगमाशीच विस्थापन आहे. पुढच्या काळाने सावलीतला गुराखी तेवढा उचलला, वाटेवरचा सोडून दिला. धरण, महामार्ग किंवा वसाहत यांच्यापायी ज्यांची गायराने गेली, त्या गावांतून आपल्यापैकी बरेच जण आलेले आहेत. तो दुसरा गुराखी आपल्याला ओळखू यावा.

नेदरलँड्समध्ये याच शतकात वेगळेच काही घडत होते. पाउलुस पॉटर (१६२५-१६५४) हा अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी वारला, पण तेवढ्या आयुष्यात त्याने गाईबैलांकडे जसे पाहिले तसे त्याच्याआधी फार थोड्यांनी पाहिले होते. त्याची १६५० मधील आठ अम्लरेखनांची मालिका केवळ गोवंशाची आहे. तेथे माणसाला महत्त्व नाही. गाय उभी आहे, गाय बसली आहे, गाय पाठमोरी आहे. कटीचे हाड कातडीखाली कसे वर येते, बसताना पुढचा पाय कसा दुमडतो, ओठाभोवतीची कातडी कशी ओली दिसते, हे सारे सुईने टिपलेले आहे. ही चित्रे शहरातील लोकच विकत घेत होते, हे खरे. छापील चित्र रंगचित्रापेक्षा स्वस्त असे आणि भिंतीवर नाही तर संग्रहवहीत जाई. पण पॉटरची रेषा ग्राहकाला खूश करण्यासाठी थांबत नाही. कालवड आणि गाय यांतला भेद ज्या डोळ्याला कळतो, त्या डोळ्याची ती रेषा आहे.

त्याची १६५२ मधील घोड्यांची मालिका पाहिल्यावर तर ‘निसर्गरम्य’ हा शब्द आपोआप गळून पडतो. उमदा घोडा, नांगराचे घोडे असे करीत शेवटच्या चित्रात एक हाडकुळा, झिजलेला घोडा मान टाकून उभा आहे, आणि जवळच मेलेल्या घोड्याच्या सांगाड्याशी कुत्री आहेत. कामाच्या जनावराचा सारा जन्म त्या मालिकेत आला आहे. त्यावर भाष्य एका अक्षराचेही नाही.

रेम्ब्रँटच्या १६३४ मधील एका अम्लरेखनाचा उल्लेख येथे करायला हवा. विषय बायबलमधला : रात्री रानात मेंढपाळांना देवदूत दिसतो. इतर चित्रकार या प्रसंगी मेंढपाळांना हात जोडून गुडघे टेकायला लावतात. रेम्ब्रँटच्या चित्रात आकाश फाटून उजेड आला आहे आणि खाली जनावरे उधळली आहेत, माणसे जिवाच्या आकांताने पळत आहेत. रात्री वाड्यावर लांडगा आलेला ज्यांनी पाहिला असेल, त्यांना या चित्रातली धावपळ समजावून सांगावी लागणार नाही. जवळजवळ सारा पत्रा आडव्या-उभ्या रेषांच्या जाळीने काळा केलेला आहे आणि उजेडाच्या जागी काहीही काढलेले नाही. कोरा कागद हाच तेथे देवदूताचा प्रकाश.

एकोणिसाव्या शतकातील सॅम्युएल पामर हा इंग्रज चित्रकार पुन्हा व्हर्जिलकडे वळला. त्याने व्हर्जिलच्या गोपकाव्यांचे भाषांतर करून त्यासाठी अम्लरेखने करावयास घेतली. पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये, मुलाच्या हातून पूर्ण झाले. त्यांतील एक चित्र पहाटे मेंढ्यांचे आवार उघडणाऱ्या मेंढपाळाचे आहे. पामर हा स्वप्नाळू कलावंत. पण आवार उघडणे हे काम आहे, आणि ते पहाटे उठून करावे लागते, एवढे भान त्याच्या स्वप्नालाही होते. आपल्याकडे मेंढरे रात्री कोंडण्यासाठी जे जाळे लावतात त्याला धनगर ‘वाघर’ म्हणतात. संस्कृतातील ‘वागुरा’ म्हणजे जाळे, त्याच्याशी या शब्दाचे नाते उघड आहे. पामरचे ते चित्र पाहताना मला हा शब्द नेहमी आठवतो.

पुण्याचा पत्रा

आपल्या शहरात तांब्याची उणीव कधीच नव्हती. कसबा पेठेतील तांबट आळीत पत्रा ठोकणारे हात पिढ्यानपिढ्या होते. पेशवाईच्या अखेरीस त्या धातूवर छपाईसाठी कोरणेही आपल्याकडे सुरू झाले. १८०५ मध्ये मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली, हे मराठी मुद्रणाच्या इतिहासात आपण वाचले असेल.

चित्रांच्या बाबतीत गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराचे नाव घ्यावे लागते. पुण्यातील इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट आणि स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांच्यासाठी तो काम करी. सवाई माधवराव पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातील गेंड्याचे त्याने १७९० च्या सुमारास काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. वेरूळच्या लेण्यांची वेल्सने केलेली रेखाटने त्याच्या मृत्यूनंतर थॉमस डॅनिएलच्या देखरेखीखाली १८०३ मध्ये लंडनमध्ये पत्र्यांवरून छापली गेली. हा सारा व्यवहार पाहिला की एक गोष्ट जाणवते. पेशव्यांचा गेंडा चित्रात आला, लेणी आली, दरबार आला. पर्वतीच्या आसपास तेव्हाही मेंढरे चरत असणार. त्यांचे चित्र काढून घ्यावे असे मात्र ना पेशव्यांना वाटले, ना मॅलेटला. दुर्मीळ जनावर पाहण्याजोगे ठरते, रोजचे जनावर नाही. भारतात अम्लरेखन व इतर मुद्राचित्रांतून गावाचे दैनंदिन जीवन पुढे आले ते विसाव्या शतकात, मुकुल डे, हरेन दास अशा प्रामुख्याने बंगाली कलावंतांच्या हातून.

मराठी साहित्यातील रान

आता आपल्या मुख्य विषयाकडे येऊ. मराठीला पावा वाजविणारा गोवळ परका नाही. वारकरी संतांच्या गौळणींतून कृष्ण घरोघर पोहोचला. पण तेथील एक तपशील पाहण्यासारखा आहे. मराठी संतांचा कृष्ण खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेतो, आणि काल्याच्या प्रसंगी सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र करतो. शिदोरी हा दिवसभर घराबाहेर काम करणाऱ्याचा शब्द आहे. पावा ठेवूनही मराठी गोपकाव्याने काम पुसले नाही, असे मला वाटते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिल्या गेलेल्या जानपदगीतांविषयी तसे म्हणवत नाही. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील यशवंत, गिरीश आदी कवींनी ग्रामजीवनावर मनापासून लिहिले. परंतु त्या काळातील बऱ्याच जानपदगीतांत बोलीचे शब्द वेषभूषेसारखे येतात. खेडे दिसते ते सावलीतून. क्लोदचा गुराखी येथे धोतर-मुंडासे घालून आला आहे, एवढाच फरक.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीने हे बदलले. औंध संस्थानातील धनगरांच्या एका वस्तीत तरुण शिक्षक येतो. शाळा भरत नाही, कारण मुले मेंढरांमागे असतात. शाळा आणि कळप यांच्यातली ही ओढाताण कोणत्याही गोपकाव्यात आढळणार नाही. शेकूकडे दुसरा बैल नाही, तर त्याची बायको जुवाला खांदा लावते. शेवटी पाऊस पडत नाही, मेंढरे मरतात, वस्ती उठते. माडगूळकर स्वतः चित्रे काढीत, आणि त्यांचे गद्य वाचताना ते जाणवते. रेषा मोजक्या, विशेषण जवळजवळ नाही, आणि उरलेला कागद कोरा. पॉटरने मेलेला घोडा ज्या शांतपणे काढला, त्याच शांतपणे माडगूळकर दुष्काळ सांगतात. शिक्षक हा तेथे बाहेरचा माणूस आहे, हेही त्यांनी लपविलेले नाही. आपण जे पाहतो ते त्याच्या डोळ्यांनी, आणि तो डोळा हळूहळू शिकत जातो.

याहून पुढची पायरी म्हणजे धनगरांच्या स्वतःच्या ओव्या. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी पुणे परिसरात वर्षानुवर्षे फिरून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्या कथा-ओव्या गोळा केल्या. त्यांवरील त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मनमध्ये व १९८९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. खंडोबा-बाणाईची कथा आपल्याला ठाऊक असेल. बाणाईच्या ओढीने देव वेष पालटून धनगराघरी चाकरीला राहतो आणि मेंढरे राखतो. क्लोदच्या परंपरेत कवी गुराखी झाला की त्याला विश्रांती मिळते. धनगरांच्या ओवीत देव गुराखी झाला की त्याला काम लागते. माझ्या त्या विद्यार्थिनीला मी हे पुढच्या संपर्कसत्रात सांगितले, तेव्हा ती म्हणाली, ‘‘मग! देव झाला म्हणून काय झालं? मेंढरं काय आपोआप वळत्यात?’’

स्वाध्याय

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर पॉटर आणि रेम्ब्रँट यांची अम्लरेखने विनामूल्य पाहता येतात. भ्रमणध्वनीवर ती मोठी करून, एका चित्रातील एकाच जनावराचे दीडशे शब्दांत वर्णन लिहा. ‘सुंदर’, ‘रम्य’, ‘निवांत’ हे शब्द वापरू नका. नंतर ‘बनगरवाडी’तील मेंढरांचे कोणतेही एक वर्णन निवडून त्यातील क्रियापदांची यादी करा आणि ती आपल्या वर्णनातील क्रियापदांशी ताडून पाहा. आपल्या घरात किंवा शेजारी गुरे-मेंढरे राखलेली वडीलधारी व्यक्ती असेल, तर जनावरांचे वय, रंग आणि शिंगे यांसाठी ती कोणते शब्द वापरते ते तिच्याच उच्चाराप्रमाणे लिहून आणा. संपर्कसत्रात त्या शब्दांपासूनच सुरुवात करू.